काटकसर कोणाची आणि झळ कोणाला?

मिरजकर (धागा सुरू करणारी)

परवा 'माणदेशी' यांनी आपल्या दिवंगत वडिलांवर येथे लेख लिहिला. वडील आयुष्यभर दोन सदऱ्यांवर राहिले, साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून वापरत, चष्म्याची तुटलेली काडी त्यांनी सात वर्षे दोऱ्याने बांधून चालवली, घरखर्चाची पै न् पै पाठकोऱ्या कागदांच्या वहीत मांडली, आणि गेले तेव्हा मुलांसाठी ३१ लाखांच्या ठेवी मागे ठेवल्या, असे त्यात होते. ज्यांनी त्यांना कवडीचुंबक म्हटले त्यांनी आता माफी मागावी, या वाक्याने लेख संपला होता. त्या वाक्याने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझ्या वडिलांचे वर्णनही याच शब्दांत करता येईल. २००९ साली आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. वडील म्हणाले, "पिकू दे, पिकल्याशिवाय काढत नाहीत." हे जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातले म्हणणे होते. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही, उलट फार पिकला तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते, हे डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर समजावून सांगितले होते. तरीही चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत आई तांदळाची परात खिडकीशी नेऊन बोटांनी चाचपत खडे काढत असे, आणि जेवताना दाताखाली खडा आला की वडील ताट सरकवून उठत. त्याच चार वर्षांत दोन मुदत ठेवींचे नूतनीकरण झाले. त्या पावत्या कपाटात मीच ठेवल्या.

माणसाने स्वतःच्या गरजेला कात्री लावली तर तिला मी काटकसर म्हणेन आणि तिच्यापुढे मान तुकवीन. मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाच्या गरजेला, त्याला न विचारता कात्री लावली, तर त्या पैशाचे पुढे कितीही चांगले झाले तरी मी तिला काटकसर म्हणणार नाही. माणदेशी यांच्या लेखात वडिलांचे सदरे आहेत, चष्मा आहे, ठेवी आहेत. आई मात्र एकाही ओळीत नाही. माफी मागण्यापूर्वी मला त्यांच्या आईचे म्हणणे ऐकायचे आहे.

माणदेशी

मिरजकरताई, तुमच्या आईंविषयी वाचून वाईट वाटले, हे आधी सांगतो. परंतु तुमच्या वडिलांवरचा राग तुम्ही माझ्या वडिलांवर काढला आहे आणि ते मला मान्य नाही.

१९७२ च्या दुष्काळात माझे वडील चोवीस वर्षांचे होते. दावणीची बैलजोडी व्यापारी मागेल त्या भावात गेली आणि तिच्यामागोमाग घरातली भांडी गेली. ते आणि माझी आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. तेथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी यांवर घर जगले. ती भाकरी गिळताना घशाला कशी टोचत असे, हे ते म्हातारपणीही गळ्याला हात लावून सांगत. ज्या माणसाने एका वर्षात भरलेले घर रिकामे होताना पाहिले, त्याला चष्म्यावरून आणि साबणावरून हसणे सोपे आहे.

त्याच पैशातून माझे शिक्षण कर्जावाचून झाले. २०१८ मध्ये धाकट्या भावाला अपघात झाला, तो अकरा दिवस अतिदक्षता विभागात होता आणि आम्हाला कोणाच्याही दारात जावे लागले नाही. ज्या नातेवाइकांनी वडिलांना नावे ठेवली, त्यांच्यापैकी दोघांनी त्याच वर्षी आमच्याकडून हातउसने नेले. आता तुम्हीच सांगा, कोणी कोणाची माफी मागायची?

टपालवाले काका

मी अल्पबचतीच्या खिडकीवर ३१ वर्षे बसलो, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर बारा टक्के व्याज होते, आणि १९८८ साली किसान विकास पत्र आले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत असत. आज त्याच निधीवर ७.१ टक्के मिळतात. त्या पिढीच्या ठेवी फुगल्या त्यात त्यांच्या संयमाइतकाच त्या दराचाही वाटा होता. आजच्या मुलांना 'आम्ही कसे साठवले' म्हणून ऐकवताना हे विसरले जाते आणि त्याचा मला मनस्ताप होतो.

दुसरे असे की, खिडकीवर मला दोन प्रकारची माणसे दिसली. काहींनी खाते उघडतानाच सांगितलेले असे, हे थोरलीच्या लग्नाचे, हे विहिरीचे, आणि मुदत भरली की ते येऊन काढून नेत. काही मात्र मुदत भरली की लगेच पुन्हा गुंतवत. त्यांतल्या एकाने घरची छोटी शस्त्रक्रिया भावाकडून उसने घेऊन केली आणि पासबुकाला हात लावला नाही. व्याजाचा शिक्का बसला की तो पासबुक डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचत असे. पहिल्यांची चणचण मला ठाऊक होती. दुसऱ्याला पैसे कशासाठी हवे होते, ते मला कधीच कळले नाही.

डोंबिवलीची गृहिणी

तुम्ही सगळे पुरुषांच्या ठेवींविषयी बोलत आहात. बायकांच्या ठेवी कोठे असत, ते मी सांगते. तांदळाच्या डब्यात, गोधडीच्या शिवणीत आणि देवघरातल्या फोटोमागे.

महिन्याच्या किराण्याला मोजून पैसे मिळत आणि परत आणलेल्या सुट्ट्याचा हिशेब द्यावा लागे. मी रिक्षाऐवजी चालत जाऊन, दोन जुड्या मेथीऐवजी एक घेऊन, भिशीत नंबर लागला की त्यातले काढून, नऊ वर्षांत ४३ हजार जमवले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा बाद झाल्याचे दूरदर्शन संचावर ऐकले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उपसला आणि ओट्यावर नोटा मोजत उभी राहिले. नोटांना तांदळाचे पीठ लागले होते. आमचे खाते एकत्र होते आणि पासबुक यांच्याकडे असे, म्हणून सांगावेच लागले. यांचे पहिले वाक्य होते, "म्हणजे नऊ वर्षे तू मला फसवत होतीस." त्या पैशांतून मी मुलीच्या सहलीचे पैसे भरले होते आणि माझ्याच दाताचे मूळ काढून घेतले होते. आता या दोघांपैकी काटकसरी कोण आणि कंजूष कोण, हे या धाग्याने ठरवावे.

परभणीकर

वहिनी, रागावू नका, परंतु घरखर्चाचे पैसे सांगितल्यावाचून बाजूला काढणे याला फसवणूक म्हणतात. मी शेतकरी आहे, आमच्या घरात पैसा एका हाती असतो म्हणूनच घर उभे आहे.

मिरजकरताईंना मला वेगळेच सांगायचे आहे. माझ्या आईचा मोतीबिंदू मी शासकीय रुग्णालयात काढून घेतला. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि तेथे शस्त्रक्रिया मोफत होते. दोन खेपा, एसटीचे तिकीट आणि एक दिवस उपाशी बसणे, एवढाच माझा खर्च झाला. म्हणजे ताई, तुमच्या घरी अडचण पैशांची नव्हतीच. काटकसरी माणूस तेच काम कमीत कमी पैशांत कोठे होईल ते धुंडाळत फिरतो, त्याला उलट जास्त पायपीट पडते. तुमच्या वडिलांनी ती पायपीटही केली नाही. मला तरी फरक येथेच दिसतो.

डोंबिवलीची गृहिणी

परभणीकर, 'एका हाती' म्हणजे कोणाच्या हाती, ते एकदा स्पष्ट लिहा. पैसा कमावणाऱ्याचा, असे म्हणायचे असेल तर पेरणीपासून खळ्यापर्यंत तुमच्या घरच्या बायका रानात राबतात, त्यांच्या हाती किती असतो? स्वतःच्या दातासाठी हात पसरावा लागतो तेव्हा काय वाटते, हे तुम्हाला कळायचे नाही. फसवणूक हा शब्द मी यांच्याकडून एकदा ऐकला आहे, तुमच्याकडून ऐकून घेणार नाही.

टपालवाले काका

वहिनींचे म्हणणे खोटे नाही. त्या आठवड्यांत खिडकीवर अशा कितीतरी बायका पदरात नोटा बांधून आल्या आणि काहींनी विचारले, "यांना कळेल का हो?" त्या चोर नव्हत्या, एवढे मी शपथेवर सांगेन.

परभणीकर

शब्द जड झाला असेल तर मागे घेतो. पैसा एका हाती असावा, हे मत मात्र कायम आहे. पण तो हात बाईचाही असू शकतो, एवढे मान्य करतो. आमच्याकडे आता बियाणे-खतांचा हिशेब सून ठेवते आणि तो माझ्यापेक्षा नीट असतो.

माणदेशी

मिरजकरताईंच्या प्रश्नाने काल रात्री झोप लागली नाही, म्हणून वडिलांच्या वह्या काढल्या. १९८९ ते १९९६ अशा आठ वह्या आहेत. माझ्या फीच्या नोंदी आहेत, भावाच्या डोळ्यांची तपासणी आहे, शेजारच्या वारलेल्या गड्याच्या मुलाला पुस्तकांसाठी दिलेले दीडशे रुपये आहेत आणि ते परत आल्याची नोंद कोठेही नाही. कवडीचुंबक माणूस असे करीत नाही, म्हणून तो शब्द मला आजही मान्य नाही.

आईच्या नावावर आठ वर्षांत सहा नोंदी सापडल्या. दोन लुगडी, तीनदा औषध आणि एकदा माहेरी जाण्याचे भाडे. वडिलांच्या नावावर त्याहूनही कमी आहेत, हे खरे. पण तसे राहायचे त्यांनी स्वतः ठरवले होते. आईने ठरवले होते का, हे मी तिला पन्नाशी आली तरी विचारलेले नाही. ती सध्या भावाकडे आहे, रविवारी तिकडे जाणार आहे. वही बरोबर नेईन. माफीचे ते वाक्य तोवर लेखातून काढून ठेवतो.

मिरजकर

ते दीडशे रुपये तुम्ही लेखात लिहायला हवे होते, माझे अर्धे उत्तर तेथेच गळून पडले असते. तुमच्या वडिलांविषयी मी न पाहता बोलले, ते बोलणे मागे घेते. तुमच्या आई काय म्हणाल्या ते, त्यांची हरकत नसेल तर, येथे लिहा. माझी आई आता नाही. २०१३ साली तिचा उजवा डोळा वाचला, डाव्याने तिला शेवटपर्यंत फक्त उजेड कळत होता.