शब्दचर्चा: घरी ‘काडतूस भरणे’, आणि गोळी, पुंगळी, बार

पेनसिल्व्हेनियावासी:

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी शेजारच्या शेतकरी आजोबांवर लेख लिहिते आहे. त्यांची गवताची शेतं आहेत आणि त्या शेतांत ग्राउंडहॉग बिळं करतात. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांनी मांजराएवढी गुबगुबीत घूस डोळ्यांसमोर आणावी. बिळाचं तोंड गवतात दिसत नाही. त्यात ट्रॅक्टरचं चाक रुततं, घोड्याचा पाय मोडतो. त्यासाठी आजोबांकडे एक जुनी .२२२ रेमिंग्टन रायफल आहे आणि तिची काडतुसं ते हिवाळ्यात तळघरात बसून स्वतः भरतात. इंग्रजीत याला हँडलोडिंग म्हणतात, अशा रायफलीला व्हर्मिंट रायफल. व्हर्मिंट म्हणजे शेताला त्रास देणारे प्राणी.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘आजोबा घरी गोळ्या बनवतात’. मंडळातल्या एका काकूंना वाटलं, ते शिसं वितळवून ओतत असावेत. पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला, ‘ताई, हे छापू नकोस, पोलिसात जाईल प्रकरण.’ दोघांचंही चुकलं नाही, माझा शब्द चुकला. आजोबा गोळी विकत आणतात, बंदुकीची दारू विकत आणतात, पितळी भाग मात्र तोच पुन्हापुन्हा वापरतात. हे मराठीत कसं सांगू? ‘हस्तभरण’ सुचलं होतं, पण लिहिताना हात अडला. आणि व्हर्मिंटला काय म्हणायचं?

तर्जुमा:

‘हस्तभरण’ नको, कृपया. ऐकणाऱ्याला तो सरकारी अर्ज वाटेल. ‘काडतूस भरणे’ हा सरळ मराठी प्रयोग आहे, त्याला फक्त ‘घरी’ किंवा ‘स्वतः’ जोडा.

तुमचा खरा घोटाळा ‘गोळी’ या शब्दाने केला आहे. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. बंदुकीत घालतो ती गोळी, नळीतून सुटते ती गोळी, पंचनाम्यात जमिनीवर सापडते तीही गोळी. एरवी चालून जातं. पण काडतूस भरणाऱ्या माणसाविषयी लिहिताना हे चालणार नाही, कारण त्याचं सगळं काम या तीन वस्तू वेगळ्या करण्यात आणि पुन्हा जोडण्यात आहे. तिन्हींना मराठीत वेगळे शब्द आहेत आणि तेही रोजच्या वर्तमानपत्रातले. अख्खी वस्तू ती काडतूस. उडून जाते ती गोळी. मागे राहतं ते पितळी नळकांडं म्हणजे पुंगळी. ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या आणि एक जिवंत काडतूस सापडले’ हे वाक्य मराठी वाचकाने शंभरदा वाचलेलं असतं. ‘जिवंत’ हे विशेषण मला फार नेमकं वाटतं. ज्यातला बार अजून उडायचा आहे ते जिवंत.

काडतूस हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशू’वरून आला आणि त्याच्या मुळाशी ‘कार्ता’ म्हणजे कागद आहे. आधीची काडतुसं खरोखर कागदाची सुरळी असत, आत मोजलेली दारू आणि गोळी. १८५७च्या धड्यात शाळेतल्या प्रत्येकाने ‘चरबी लावलेली काडतुसे’ वाचली आहेत, ती एन्फिल्ड रायफलीची हीच कागदी काडतुसं. शिपायाला ती दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे, म्हणून तर चरबीचा प्रश्न धर्मापर्यंत गेला. म्हणजे काडतूस हा शब्द आपल्याकडे पहिल्यापासून ‘दारू आणि गोळी एकत्र बांधलेलं’ याच अर्थाने आहे. तो नुसत्या गोळीसाठी वापरू नका आणि नुसत्या पुंगळीसाठीही नको.

तुमच्या भावाची भीती खरी आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे ‘काडतुसे बनवताना’ हे शब्द आले की पुढे ‘अटक’च येणार असं वाचक गृहीत धरतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. हे एक वाक्य लेखात सुरुवातीलाच घाला, नाहीतर आजोबांकडे वाचक शेवटपर्यंत संशयाने बघेल.

राखणदार:

मी सिंधुदुर्गातला. आमच्या घरात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. काडतूस भरण्याची भाषा मराठीत नाही असं कोणी म्हटलं तर मला पटणार नाही. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हाताने भरलेलाच असतो! आजोबा नळीत दारू ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. मागे निपलावर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारक्या टोकावर, केप बसवायची. याला आम्ही ‘बार भरणे’ म्हणतो. नीट भरला तर ‘बार सणसणीत गेला’, दारू दमट असली तर ‘फुसका बार’. लग्नाचा बार उडवणे, तंबाखूचा बार भरणे, सगळं याच घरातलं.

ताई, तुमचे आजोबा हेच करतात, फक्त नळीत न भरता पुंगळीत भरतात. म्हणून ‘बार’ हा शब्द सोडू नका. इंग्रजीत ‘लोड’ म्हणतात ते नाम, म्हणजे अमुक दारू इतकी, अमुक गोळी इतक्या वजनाची, ही जुळणी, तिला बार म्हणा.

केपचंही तसंच. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी देणारी ती बारकी वाटी असते, तिला ‘प्रायमर’ लिहिलंत तर आमच्याकडे भिंतीच्या रंगाचा पहिला हात समजतील. केप लिहा. दिवाळीत केपा फोडलेल्या प्रत्येक मुलाला ती वस्तू काय करते ते माहीत आहे.

आणि व्हर्मिंटसाठी: आम्ही डुक्कर-माकडांपासून पीक वाचवायला ‘राखणीला’ जातो. ‘राखणीची रायफल’ का नको?

पेनसिल्व्हेनियावासी:

राखणदार, ‘राखणीची रायफल’ वाचून अंगावर काटा आला. आजोबा संध्याकाळी कुंपणाशी बसतात ती राखणच आहे. मला तो शब्द इथे बसून आठवलाच नसता.

त्यांच्या कामाविषयी अजून एक विचारते. ते म्हणतात, ही रायफल अमुक लोड ‘लाइक’ करते, तमुक करत नाही. दारूत थोडा फरक केला की शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातात, नाहीतर तळहाताएवढ्या पसरतात. ‘रायफलीला आवडतो’ असं लिहू का?

तर्जुमा:

‘मानवतो’ लिहा. ‘या रायफलीला हा बार मानवतो.’ पाणी मानवतं, हवा मानवते, औषध मानवतं. आवडीचा प्रश्न नाही, प्रकृतीचा आहे. नळी, तिच्या आतल्या आट्यांचा पीळ, गोळीचं वजन यांचं एकमेकांशी जमतं किंवा जमत नाही. .२२२ मध्ये साधारण १४ इंचांत एक फेरा असा संथ पीळ असतो, म्हणून तिला आखूड, हलकी गोळी मानवते. लांब, जड गोळी त्या पिळाने पुरेशी फिरत नाही आणि हवेत डगमगते. ‘मानवणे’त हे सगळं येतं. शिवाय ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषध याच अर्थाचा, त्यामुळे हे क्रियापद तिथे परकं वाटणार नाही.

फक्त दारूबद्दल एक इशारा, आणि तो शब्दाचाच आहे. राखणदारांच्या ठासणीतली काळी दारू आणि तुमच्या आजोबांची बिनधुराची दारू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. काळीत सोरा, गंधक आणि कोळसा असतो. बिनधुराची नायट्रोसेल्युलोजची, १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी वापरात आणलेली. ठासणीच्या बंदुकीत ती घातली तर नळी फुटू शकते, भरणाऱ्याचा हात जाऊ शकतो. मराठीत दोन्हींना ‘दारू’ म्हणतो, म्हणून पहिल्यांदा उल्लेख कराल तिथे ‘बिनधुराची दारू’ असं पूर्ण लिहाच.

मोजमाप:

‘ग्रेन’वर कोणी बोललं नाही. मला तीच सगळ्यात मोठी फसगत वाटते. मी एका भाषांतरात ‘५० दाण्यांची गोळी’ असं वाचलं आहे! ग्रेन हे वजन आहे, मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेलं, ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड. दारूही दाणेदार असते, त्यामुळे ‘इतके ग्रेन दारू’ वाचून कोणी दाणे मोजायला बसेल. ‘ग्रेन’ तसाच ठेवा आणि ‘दाणा’ फक्त दारूच्या कणासाठी राखा.

आता गंमत वाटेल अशी एक गोष्ट. आपला जुना तोळा १८३३ साली इंग्रजांनी बरोबर १८० ग्रेनचा ठरवला. तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून जरा जास्त भरते. .२२२ रेमिंग्टन १९५० साली बाजारात आली तेव्हा तिची गोळी ५० ग्रेनची होती, म्हणजे सव्वातीन ग्रॅम, साधारण पावणेसत्तावीस गुंजा. आजोबांचा तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवत असेल. सोनाराच्या पेढीवरची नजर त्या तळघरात लागते, हे मराठी वाचकाला गुंजेच्या हिशेबाने चटकन कळेल. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा आहे, तो मात्र या हिशेबात धरू नका.

माळरान:

मी साउथ डकोटात राहतो. ‘राखण’ शब्द सुंदर आहे, पण तो व्हर्मिंटला सरसकट लावू नका. आमच्याकडे लोक प्रेअरी डॉगवर, म्हणजे माळावर बिळं करणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यावर, तीनशे-चारशे यार्डांवरून नेम धरतात. त्यांतल्या कित्येकांचं तिथे शेत नसतं, ते नेमबाजीसाठी दुरून गाडी हाकत येतात. त्याला राखण म्हणणं खोटं होईल. आणि ‘उपद्रवी’ म्हटलं की प्राण्याचा गुन्हा आधीच सिद्ध झाल्यासारखं होतं. ‘व्हर्मिन’ हा शब्दही असाच, लॅटिनमधल्या किड्यावरून आलेला, ‘व्हर्मिंट’ हे त्याचंच बोलीतलं रूप. भारताच्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं यांची व्हर्मिन म्हणून वेगळी अनुसूचीच होती. २०२२च्या दुरुस्तीने ती गेली. कोणाला उपद्रवी म्हणायचं हे माणूस ठरवतो आणि बदलतोही.

राखणदार:

मान्य. ज्याचं पीक आहे त्याची राखण. बाकीच्यांसाठी ‘व्हर्मिंट रायफल’च राहू द्या.

मोजमाप:

कॅलिबरचे, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे, आकडे लिहिताना जपा. .२२२, .२२३, .२२-२५०, .२२० स्विफ्ट, या चारही काडतुसांची गोळी एकाच जाडीची, .२२४ इंच. नावातला आकडा हे माप समजू नका, ते नावच समजा. यांतली .२२-२५० तर हौशी माणसांनी .२५० सॅव्हेज या दुसऱ्या काडतुसाच्या पुंगळीचा गळा आवळून तयार केलेली, रेमिंग्टन कंपनीने ती १९६५ साली स्वीकारली. ‘कॅलिबर’ अरबी ‘कालिब’वरून आला असं मानतात, कालिब म्हणजे साचा. पुंगळी आवळायच्या साच्याला मात्र ‘डाय’च लिहा. भोसरी-शिरोलीच्या कारखान्यांत डाय आणि प्रेस हेच शब्द चालतात.

पेनसिल्व्हेनियावासी:

सगळ्यांचे मनापासून आभार. परिच्छेद असा लिहिला आहे:

‘इथे स्वतःपुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. आजोबा राखणीच्या रायफलीची काडतुसे स्वतः भरतात. बार उडाला की पुंगळी फुगते. ती ते डायमध्ये घालून आवळतात, जळालेली केप पाडून नवी बसवतात. मग चष्मा पुसून, रेडिओ बंद करून, बिनधुराची दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. शेवटी पुंगळीच्या तोंडात पावणेसत्तावीस गुंजांची गोळी बसवतात. कोणता बार या रायफलीला मानवतो ते त्यांच्या वहीत चाळीस वर्षांचे लिहिलेले आहे.’

तर्जुमा:

छान. एकच बदल सुचवतो. तुमच्या वाक्यरचनेत केप आधी पाडायची की आवळल्यानंतर, हे आजोबांना विचारून घ्या. बऱ्याच डायमध्ये आतली सुई आवळतानाच जुनी केप पाडते. तसं असेल तर ‘आवळतात, त्याच दाबाने जळालेली केप पडते’ असं लिहा.

पेनसिल्व्हेनियावासी:

विचारलं. सुईच आहे. बदलते.