लशीची शेवटची सुई टोचल्यापासून उजवा खांदा वर जाईना. भाकरी थापू कशी?

कडक_भाकरी

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. घरीच भाकरीचा धंदा आहे, साधी आणि कडक दोन्ही, जोडीला शेंगाचटणी. पन्नाशीच्या अलीकडे आहे. शुगर आहे, गोळी चालू आहे.

संक्रांतीच्या सुमारास पहाटे दुधाला निघाले तर गल्लीतल्या कुत्र्यानं पोटरी धरली. चांगलं रक्त आलं. मुलानं नळाखाली बसवून साबण लावून पाय धू धू धुतला, मग एका खाजगी दवाखान्यात नेलं. जखमेत सीरम टोचलं, दंडात लस दिली आणि पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्या: तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. एकही चुकवली नाही. आधीच्या सुयांचा काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी दंड जरा जड वाटायचा, मग विसरायला व्हायचं.

शेवटची उजव्या हाताला घेतली. त्या दिवशी नेहमीची सिस्टर नव्हती, एक नवा मुलगा होता आणि बाहेर ही गर्दी. मी स्टुलावर बसलेली, तो उभा. माझ्या ब्लाऊजची बाही घट्ट, वर सरकेना. तेव्हा वरचे हुक काढायला लावले, ब्लाऊज खांद्यावरून थोडा खाली ओढला आणि जे मोकळं दिसलं तिथं टोचलं. टोचतानाच अशी कळ गेली की बाहेर बसलेला मुलगा आत आला. त्या रात्री उजव्या कुशीवर वळता आलं नाही. वाटलं, दोन दिवसांत जाईल. शिमगा गेला, पाडवा गेला, आता आषाढी तोंडावर आली.

आता हाल असे आहेत. वेणी घालायला हात मागं जात नाही, सून घालून देते. फळीवरचा डबा काढायचा तर डाव्या हातानं. पीठ मळता येतं. थापताना पहिल्या चार-पाच भाकरी बऱ्या जातात, मग दंडाच्या बाहेरच्या अंगाला ठणका सुरू होतो. भाकरी उचलून तव्यावर टाकताना हात जरा लांब गेला की जीव जातो. वारीला जाणारे लोक माझ्याकडून कडक भाकरी बांधून नेतात, कारण ती टिकते. वर्षाची मोठी कमाई याच दिवसांत असते. यंदा निम्मं काम जावेकडं दिलंय. ती माझ्यापेक्षा जाड थापते, गिऱ्हाईक बोलून दाखवतं.

डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे काढला, काही दिसलं नाही. म्हणाले, "फ्रोझन शोल्डर आहे, शुगरवाल्यांना होतो, सुईचा काही संबंध नाही." शेजारीण म्हणते, कुत्र्याचं विष खांद्यात उतरलं. मला दोन्ही पटत नाही. सुई घ्यायच्या आदल्या दिवशी मी याच हातानं दोन पायल्यांचं पीठ थापलं होतं.

तर विचारायचं असं: सुईनं असं होतं का? झालं असेल तर बरं होतं का? आणि तिसरं, ते कुत्रं अजून गल्लीतच आहे. पुन्हा चावलं तर पुन्हा एवढ्या सुया?

निवांत

ताई, मला कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर असंच झालं होतं. डावा हात होता म्हणून निभावलं. स्कूटरचं हँडल धरलं तरी दुखायचं. सगळे म्हणाले लशीनं हात दुखतोच. दुखतो, पण दोन-तीन दिवस. माझं पावसाळा संपेपर्यंत चाललं. शेवटी व्यायामानंच सुटलं, फार हळू. महानारायण तेल लावलं, बरं वाटायचं, पण खांदा तेलानं सुटला असं म्हणणार नाही. एक नक्की सांगतो, कुणाकडून हात ओढून, झटका देऊन घेऊ नका. मी एकाकडून घेतला आणि आठवडाभर शर्ट घालायला बायको लागली.

खरं बोलू का

म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, लस घेऊ नका. कुत्र्यावर आमच्या पंचक्रोशीत एक जण पाल्याचं औषध देतो. इतकी वर्षं देतोय, कुणाला काही झालेलं नाही.

लसवाली सिस्टर

वरच्या दादांना आधी उत्तर देते, मग ताईंना.

दादा, पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं चावल्यावर रोग होतोच असं नाही, आणि चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. म्हणून पाला दिलेले पुष्कळ जण जगतात आणि त्याचं श्रेय पाल्याला जातं. पण एकदा पाण्याची भीती, वाऱ्याची भीती अशी लक्षणं सुरू झाली की त्या माणसाला वाचवणारं औषध कुणाकडेच नाही. मी असा रुग्ण पाहिलाय. पंखा लावला तरी त्याचा घसा आवळायचा. खांदा दुखतो म्हणून हा रोग अंगावर घ्यायचा सल्ला कृपा करून इथं देऊ नका.

ताई, तुम्ही सगळे डोस पुरे केले हे उत्तम झालं. आता तुमच्या सुईकडे येते. तुमचं वर्णन वाचताना मी कपाळावर हात मारला. दंडात सुई द्यायची जागा ठरलेली असते. खांद्याचं वरचं हाडाचं टोक बोटानं चाचपायचं, तिथून दोन-तीन बोटं खाली यायचं, स्नायूचा जाड भाग बघायचा आणि सरळ काटकोनात टोचायचं. पेशंट बसलेला असेल तर देणाऱ्यानंही बसावं, म्हणजे हात नीट दिसतो. देणारा उभा आणि पेशंट खाली असला की सुई वर जाते. त्यात गळ्याकडून कपडा ओढून दंड उघडला तर उघडा पडतो तो खांद्याचा माथा, दंड नव्हेच. आम्हाला शिकवताना हे सांगतात आणि गर्दी झाली की लोक विसरतात. बायकांनी लशीच्या दिवशी सैल बाहीचा गाऊन किंवा कुर्ता घालून यावं, आणि दंड पूर्ण मोकळा झाल्याशिवाय टोचू देऊ नये. यात लाजायचं काही नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा कुत्रं चावलं तर दोनच डोस लागतात, त्याच दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. सीरम पुन्हा लागत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, हे मात्र दरवेळी. तो तारखांचा कागद जपून ठेवा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. आणि सुया डाव्या हाताला घ्या.

लशीनंतर झालेल्या त्रासाची नोंद सरकारी यंत्रणेत करता येते. जवळच्या आरोग्य केंद्रात सांगा, ते वर कळवतात. पैसे मिळावेत म्हणून नाही सांगत. असं घडतं हे कागदावर आलं नाही तर तो मुलगा उद्याही तिथंच टोचेल.

सांधेजोड

मी फिजिओथेरपी करतो, मिरजेकडचा आहे. तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण तुमची हकीकत पुस्तकात छापावी अशी आहे.

खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली एक पातळ, ओलसर पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. हात वर करताना स्नायूंच्या दोऱ्या हाडाला घासू नयेत म्हणून ती तिथं आहे. लस स्नायूत जायला हवी. सुई वर बसली तर ती या पिशवीत किंवा दोरीत जाते. लस म्हणजे शरीराला जागं करणारं औषध. स्नायूत ती दोन दिवसांत निवते, पिशवीत गेली की तिथं सूज धरते आणि रेंगाळते. त्यामुळे दोष लशीच्या औषधाचा कमी, जागेचा जास्त. कुठल्याही लशीनं हे होऊ शकतं. 2010 साली अमेरिकेत अशा 13 जणांची माहिती एकत्र छापली गेली आणि 2017 पासून तिथल्या सरकारनं लशीच्या नुकसानभरपाईच्या यादीत याला जागा दिली. तिथली अट बघा: खांदा आधी चांगला हवा, दुखणं सुईनंतर 48 तासांच्या आत सुरू झालेलं हवं, त्याच खांद्यापुरतं हवं आणि हालचाल कमी झालेली हवी. तुमचं चारही बाबतीत जुळतं.

तुमच्या डॉक्टरांचं मात्र सगळं खोटं म्हणणार नाही. शुगरवाल्यांचा खांदा लवकर आखडतो, हे खरं आहे. सुईनं सूज आली, दुखतं म्हणून तुम्ही हात जवळ धरून ठेवला, आणि शुगर असल्यामुळे सांध्याचं आवरण आकसलं, असं एकामागून एक झालेलं असू शकतं. "सुईचा काही संबंध नाही" एवढंच मला पटत नाही, कारण तुम्हाला दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते त्यांनी विचारलेलं दिसत नाही.

एक करून बघा आणि इथं लिहा. कोपर बरगडीला चिकटवा, काटकोनात वाकवा, आणि पंजा बाहेरच्या बाजूला उघडा, दार उघडल्यासारखा. डाव्याएवढा जातो का? मग तुम्ही हात सैल सोडा आणि मुलाला तो हलकेच बाहेर नेऊ दे. तेव्हाही अडतो का?

एक्स-रेत हाड दिसतं, पिशवी दिसत नाही. खांद्याची सोनोग्राफी सांगा, त्यात पिशवीतलं पाणी आणि दोरीची फाट कळते. हात बारीक होत चालला, उचलायला जोरच राहिला नाही, बोटांपर्यंत मुंग्या आल्या, किंवा खांदा लाल होऊन ताप आला, तर यातलं काही न बघता आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

कडक_भाकरी

सगळ्यांचे आभार. सिस्टर, कागद देवघरातल्या डब्यात ठेवला.

सांधेजोडदादा, करून बघितलं. डावा पंजा छान उघडतो, उजवा निम्म्यावर अडतो. मुलानं नेला तरी तिथंच अडतो, आणि तिथं टोकाला दुखतं. सोनोग्राफी झाली. पिशवीत सूज, थोडं पाणी, दोरी फाटलेली नाही. आता डॉक्टर म्हणतात सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊ. मी म्हटलं, इंजेक्शननंच तर हे झालंय! ते हसले, मला हसू आलं नाही. स्टेरॉईडनं शुगर वाढते म्हणतात. घेऊ का? नाही घेतलं तर? दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून चालू होत्या, त्याही त्यांनी किडनीचं कारण सांगून बंद केल्या.

सांधेजोड

गोळ्या बंद केल्या ते बरं केलं.

कुणी हलवला तरी अडतो, म्हणजे सांधा आखडलाय, नुसती सूज नाही. स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा उपयोग होतो, विशेषतः रात्रीचा ठणका कमी होऊन व्यायाम करता येतो यासाठी. शुगर काही दिवस चढते हे खरं. म्हणून आधी शुगरच्या डॉक्टरांना विचारा, त्या दिवसांत घरी तपासत राहा आणि शुगर फार वर असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत थांबा. सोनोग्राफीत बघत सुई टाकणारे डॉक्टर मिळाले तर तुमची भीतीही जाईल, कारण सुई कुठं जातेय ते पडद्यावर दिसतं. नाही घेतलं तरी बहुतेक खांदे सुटतात. पण आखडलेला खांदा कधीकधी वर्ष, दीड वर्ष घेतो, ही तयारी ठेवा.

व्यायाम हे. डावा हात ओट्यावर टेकून वाका, उजवा हात मोकळा लोंबू द्या आणि अंग हलवून तो झुलवा, हात स्वतः हलवू नका. भिंतीवर बोटांनी वर चढा, जिथं ओढ लागते तिथं थांबा. उताणं पडून दोन्ही हातांत लाटणं धरा, उजवं कोपर अंगाला चिकटून, आणि डाव्या हातानं लाटणं ढकलून उजवा पंजा बाहेर न्या. हा तिसरा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आधी शेक घ्या. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या-एक तासात उतरलं तर योग्य, रात्रभर राहिलं तर जास्त झालं. रात्री डाव्या कुशीवर झोपून उजव्या हाताखाली उशी घ्या.

आणि भाकरी. थापणं पूर्ण बंद करू नका. थापताना कोपर खाली असतं, ते चालतं. त्रास तव्यावर टाकताना होतोय, कारण हात अंगापासून लांब जातो. परात आणि तवा कुठं असतात तुमच्या?

कडक_भाकरी

शेगडी भिंतीला, ओट्यावर. परात माझ्या डाव्या हाताला खाली स्टुलावर. मधे पिठाचा डबा.

सांधेजोड

पिठाचा डबा हलवा. परात ओट्यावर, शेगडीला खेटून आणा आणि शेगडी पुढच्या कडेला ओढा. परातीतून तव्यावर जाताना कोपर बरगडीपासून सुटता कामा नये, एवढं अंतर हवं. उंची जास्त वाटली तर पायाखाली पाट घ्या. पाच-सहा भाकऱ्या झाल्या की थांबा, हात झुलवा, मग पुढच्या. यंदाच्या आषाढीला जावेच्या जाड भाकरीवरच भागवा. कार्तिकीपर्यंत तुमच्या हातच्या पातळ सुरू झाल्या तर एक पुडकं मिरजेला पाठवा, पैसे देईन.