शब्दचर्चा : रक्तवाहिन्यांची 'वाढ' की 'फुटवा'?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) : बचत गटातल्या बायकांसाठी एंडोमेट्रिओसिसवर पत्रक करतेय. त्यात उंदरांवरच्या संशोधनाबद्दल लिहिलंय : 'प्राण्यांना होणाऱ्या गर्भाशयाच्या आजारात रक्तवाहिन्यांची वाढ होते.' मैत्रीण म्हणते, यातून काहीच कळत नाही. कोणता शब्द बदलू?

पशुवैद्य, कागल : ताई, 'गर्भाशयाचा आजार' वाचून आपल्याकडच्या म्हशीवाल्यांच्या घरात वार अडकणं, पिशवीत पू होणं हेच डोक्यात येणार. इथे तर पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर रुजतो, अंडाशयावर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर, आणि पाळीच्या हार्मोन्सना तिथेही दाद देतो. नाव एंडोमेट्रिओसिसच ठेवा. डॉक्टरांच्या कागदावर बाईला तेच दिसणार आहे.

'होणाऱ्या' हा शब्द मात्र खोडाच. प्रयोगशाळेतल्या उंदराला पाळी येत नाही, त्यामुळे हा आजार त्याला आपसूक होत नाही. गर्भाशयाचे तुकडे पोटाच्या पोकळीत रुजवून तो घडवून आणतात. बबूनसारख्या माकडांना पाळी येते आणि त्यांच्यात तो आपसूकही आढळतो. 'होणारा' आणि 'घडवलेला' यांतला फरक पुसला, तर निष्कर्ष किती ताणायचा हे वाचणारीला कळणार नाही.

आता 'वाढ'. असलेली शीर रुंदावली तरी ती वाढच. इथे रुजलेल्या तुकड्याला प्राणवायू कमी पडतो, तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि शेजारच्या केशवाहिनीतून नवी फांदी निघते. उसाच्या बुडातून निघतो तसा फुटवा! तोच शब्द वापरा, आपल्या भागात समजावून सांगावा लागणार नाही.

प्राणिशास्त्र शिक्षिका : 'फुटवा' फार आवडला. पण सगळ्या नव्या वाहिन्या अशाच येत नाहीत. कधी एकच वाहिनी मधून दुभंगून दोन होतात, आणि गर्भात तर सुट्या पेशी जुळून पहिल्या वाहिन्या घडतात. शास्त्रीय लेखात 'नवरक्तवाहिनीनिर्मिती' लिहावं, पत्रकात फुटवा. आणि सर, 'प्रयोगशाळेतल्या' म्हणालात ते बरं केलंत. काटेरी उंदराच्या एका जातीला पाळी येते.

पशुवैद्य, कागल : मॅडम, मान्य. ताई, आणखी एक. फुटवा थांबवणाऱ्या औषधांनी उंदरांतल्या गाठी लहान झाल्या, हे खरं. पण 'औषध सापडलं' असं चुकूनही लिहू नका. अंडाशयाला आणि पिशवीच्या अस्तराला दर चक्रात नव्या वाहिन्या लागतातच. त्या सरसकट अडवल्या तर मूल हवं असलेल्या बाईचंच नुकसान. दहातल्या साधारण एकीला हा आजार असतो, पत्रक वाचणाऱ्यांतही असेल कुणीतरी. खोटी आशा नको.

प्रश्नकर्ती : मग असं चालेल? 'उंदरांमध्ये एंडोमेट्रिओसिस मुद्दाम घडवून पाहिलं, तेव्हा बाहेर रुजलेल्या अस्तराला शेजारच्या रक्तवाहिन्यांतून नवे फुटवे आले. ते थांबवल्यावर गाठी लहान झाल्या. स्त्रियांसाठी हा उपचार अजून ठरलेला नाही.'

शिक्षिका : चालेल. फक्त 'अस्तराला'च्या जागी 'अस्तरासारख्या थराला' करा.