नथी-ठुश्यांचा माल जर्मनीला पाठवायचाय, टेस्ट रिपोर्ट कुठला मागतायत?

नथवाली_रामबाग

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, रामबागेत घरूनच काम करते. मी आणि शेजारच्या दोघी मिळून पितळेच्या तारेवर मोती ओवून नथी बनवतो, शिवाय ठुशी, चिंचपेटी, आणि वन ग्रॅमचं पॉलिश, म्हणजे सोन्याचा पातळ मुलामा, सराफ्यातून करून आणतो. आत्तापर्यंत माल पुण्या-ठाण्याला जायचा. आता जर्मनीत एका मराठी बाईंचं छोटं दुकान आहे त्यांनी गणपतीसाठी १२० नग मागितलेत, त्यात ६० नथी, निम्म्या चापाच्या निम्म्या टोचलेल्या नाकाच्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आणि आता त्या म्हणतात निकेल, लेड, कॅडमियमचा टेस्ट रिपोर्ट हवा, त्याशिवाय माल घेता येणार नाही. एक नथ टंचवाल्याकडे, म्हणजे सोन्याचा कस बघणाऱ्याकडे, नेली, त्याने मशीनखाली ठेवली, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. तिचा फोटो पाठवला तर म्हणाल्या ही नाही चालणार. सासूबाईंचं म्हणणं, आम्ही जन्मभर घातलं, कोणाचं नाक गळून पडलं? कोणी केलंय का हे? हॉलमार्क घ्यायचा असतो का? आणि १२० च्या १२० नग तपासतात की काय, मग उरणार काय मला?

पोहे_शेव_जास्त

ताई सरळ हॉलमार्क सेंटरला जा, सहा अक्षरांचा नंबर मारून देतात, मग कोणी काही विचारत नाही. बहिणीच्या बांगड्यांवर आहे.

जुना_केमिस्ट

भिया, तो नंबर म्हणजे एचयूआयडी, २०२१ पासून सोन्याला आला. सोनं किती शुद्ध एवढंच तो सांगतो. पितळेला हॉलमार्क नसतोच, आणि निर्यातीचा माल परदेशी गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बनवला असेल तर सोन्यालाही सक्ती नाही.

ताई, तुमच्या बाईंचं बरोबर आहे. त्यांना शुद्धतेशी घेणंदेणं नाही, अंगाला काय लागतं ते बघायचंय. युरोपात रीच नावाचा कायदा आहे, त्यात दागिन्यांना तीन गोष्टी लागतात. शिसं कुठल्याही एका भागात ०.०५ टक्क्याच्या खाली, कॅडमियम धातूच्या भागात ०.०१ टक्क्याच्या खाली. निकेलचं वेगळं आहे, ते धातूत किती आहे हे बघत नाहीत, कातडीवर किती सुटतं ते बघतात. एका चौरस सेंटिमीटरमधून आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण टोचलेल्या भोकात जे जातं त्याला ०.२ च. म्हणजे चापाच्या नथीला एक नियम आणि टोचलेल्या नाकाच्या तारेला दुसरा, कडक. रिपोर्ट मागवताना दोन्ही वेगळ्या लिहा, नाहीतर लॅब एकाच मापाने मोजून मोकळी होते.

तपासतात कसं तर नग कृत्रिम घामात, म्हणजे मीठ, युरिया, लॅक्टिक ॲसिडच्या पाण्यात, ३० डिग्रीला आठवडाभर बुडवून ठेवतात आणि पाण्यात निकेल किती उतरलं ते मोजतात. ईएन १८११ म्हणतात त्याला. पॉलिश केलेला माल असेल तर त्याआधी ईएन १२४७२, ड्रममध्ये घालून घासतात, दोन वर्षं वापरल्यासारखा झिजवतात. आता टंचवाल्याचं मशीन दोन मिनिटांत हे कुठून सांगणार? ते लावलेलंच सोन्याचांदीसाठी, आणि बघतं वरवरचं.

असलं "सर्टिफिकेट" वगैरे काही नसतं बरं का. लॅब फक्त म्हणते की आमच्याकडे आलेल्या या नमुन्यात एवढं निघालं. लॅब एनएबीएलची, म्हणजे त्या संस्थेची मान्यता असलेली घ्या, पण नुसता शिक्का बघू नका, हीच टेस्ट त्यांच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या टेस्टांच्या यादीत, आहे का ते विचारा. पुष्कळ लॅब पाणी तपासायच्या असतात.

सराफा_कारागीर

काका बरोबर सांगून राहिले, पण खरी गोष्ट पॉलिशवाल्याकडे आहे. पितळेवर सोनं चढवायच्या आधी चकाकीसाठी आणि पितळेचा रंग वर येऊ नये म्हणून खाली निकेलचा कोट देतात, आमच्याकडे तर विचारायची पद्धतच नाही, सगळ्यांना तोच. वरचं सोनं इतकं पातळ की गणपती ते दिवाळी एवढ्यात झिजतं मग निकेल थेट कातडीला. ताई, ज्यांच्या नाकाला खाज सुटते त्या मोत्याला शिव्या घालतात, मोती बिचारा काय करणार!

दुसरं, पितळ कुठलं घेता? मोडीचं असेल तर त्यात शिसं हमखास, आणि नळ-बोल्टांच्या कामाच्या पितळेत तर दोन-तीन टक्के मुद्दाम घातलेलं असतं, चांगलं कापलं जातं म्हणून. तिसरं, टाका, म्हणजे सांधा जोडायची झाळ. रेडिओवाल्याची सोल्डरची तार वापरत असाल तर आजच बंद करा, तिच्यात चाळीस टक्के शिसं.

वडोदरा_चांदी

टाक्यावरून आठवलं. आम्ही चांदीचे तोडे इंग्लंडला पाठवायचो, चांदी ९२५ एकदम पक्की, आणि माल परत आला. का तर बाजारातून आणलेल्या झाळीत कॅडमियम. तेच ते केडीएम, जे एकेकाळी सोन्याच्या दुकानांच्या पाट्यांवर अभिमानाने लिहायचे! सांधा केवढासा पण त्या भागात मर्यादेच्या कितीतरी वर. पूर्ण लॉट वितळवला. तेव्हापासून झाळीचं रीळ घेतानाच कॅडमियम नाही असं बिलावर लिहून घेतो.

इंग्लंडचं आणखी एक, तिथे ७.७८ ग्रॅमच्या वरच्या चांदीला त्यांचाच हॉलमार्क लागतो, आपला धरत नाहीत. जर्मनीत तसं नाही, आणि तुमचं तर पितळ आहे, हे सोडून द्या. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढलाय ना? डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या विदेश व्यापार खात्याच्या, साइटवर ५०० रुपयांत होतो. बिलावर इमिटेशन दागिन्यांचा कोड ७११७. आणि १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तिथल्या जबाबदार माणसाचं नाव लागतं, ते त्या बाईंचंच टाका, आधी विचारून.

नथवाली_रामबाग

बाप रे. पॉलिशवाल्याला विचारून आले, तो हसून म्हणाला निकेलशिवाय पॉलिश कसं होणार ताई. आणि टाका हो, रेडिओवाल्याचीच तार, दहा वर्षं झाली वापरतेय. आता १२० नगांची लॅबची फी ऐकूनच धडकी भरणार, ऑर्डर सोडून देऊ का?

जुना_केमिस्ट

सोडू नका. नग मोजू नका, माल मोजा. तुमच्या १२० नगांत खरं तर पाचच वस्तू आहेत, तार, पत्रा, मोती, टाका आणि पॉलिश. डिझाइन वीस असली तरी लॅबला त्याने फरक पडत नाही. तार-पत्र्याचं एकच बंडल घ्या, १२० च्या हिशोबाने पुरेल एवढं, त्यातलाच तुकडा शिसं-कॅडमियमला द्या, आणि तो पास झाल्यावर मग कामाला बसा. आधी बनवून मग तपासणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका बघणं. फीचं कोटेशन याच भाषेत मागवा, आकडा बघा कसा खाली येतो.

टोचलेल्या नथीची नाकातली तार ९२५ चांदीची करा, ३० नगांना अशी कितीशी लागणार. पॉलिशला निकेलच्या जागी व्हाइट ब्रॉन्झचा कोट सांगा, तांबं-कथील-जस्ताचा असतो. आणि घरी एक चाचणी होते, डायमिथाइलग्लायॉक्सिम आणि अमोनियाचे थेंब कापसाच्या काडीवर घेऊन नगावर अर्धा मिनिट घासायचे, काडी गुलाबी झाली की निकेल. फक्त एका कोपऱ्यात पॉलिश खरवडून मग घासा, नाहीतर वरच्या सोन्याने फसाल. ही चाचणी तुमच्यापुरती, बाईंना रिपोर्ट लॅबचाच द्यायचा.

सराफा_कारागीर

व्हाइट ब्रॉन्झवाला एक आहे आमच्या गल्लीत, थोडे जास्त घेतो. टाक्याची बिनशिशाची तार मी देतो. आठच्या आत या मात्र, नंतर ओट्यावर भुट्ट्याच्या किसाचं दुकान लागतं, मला माझंच शटर दिसत नाही.