मदत हवी आहे : शाळा म्हणते, मुलाला मधल्या सुट्टीत घरी न्या (ऑटिझम, दुसरी, सातारा)

नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा साताऱ्यात एका अनुदानित मराठी शाळेत दुसरीत आहे. ऑटिझमचं निदान शाळेत घालायच्या आधीच झालं होतं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दोन्ही हातात आहे, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी चालू आहे. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की तो वर्गात बसत नाही, बाकीच्या मुलांचं नुकसान होतं. तेव्हा मधल्या सुट्टीत घरी न्या, नाहीतर तुमच्या खर्चाने पूर्णवेळ मदतनीस बसवा. सगळं तोंडी. लेखी मागितलं तर "लेखी कशाला, आपली घरचीच शाळा आहे" म्हणाले.

तो नेमका कधी उठतो ते इथे सविस्तर लिहिते, कारण शाळेत ते अजून कुणी विचारलेलं नाही. सकाळचे तास नीट जातात. खिचडीची वेळ झाली की व्हरांड्यात स्टीलच्या ताटांचा ढीग खणकन आदळतो, रांगेत ढकलाढकली सुरू होते आणि त्यातच घंटा वाजते. हा दोन्ही कान दाबून बाकाखाली शिरतो. कुणी दंडाला धरून ओढलं की किंचाळतो. तिथेच थोडा वेळ राहू दिलं तर आपण होऊन बाहेर येतो. वर्गाच्या बाईंनी हे करून पाहिलंय आणि जमलंय. दुसरी अडचण फळ्यावरचं उतरवून घ्यायची. एकदा फळा, एकदा वही, यात ओळ सुटते, मग तो पेन्सिल ठेवून फिरायला लागतो. तीच गणितं कागदावर लिहून समोर ठेवली की मान खाली घालून सोडवतो. हातच्याची बेरीज त्याला वर्गात सगळ्यांच्या आधी आली, हे बाईच सांगतात.

घरी नेऊन यातलं काय सुटणार? चित्रकला, गाणी, खेळ सगळं दुपारी असतं. चार मुलांत राहायला शिकायची हीच वेळ, आणि नेमकी तीच त्याच्याकडून काढून घेतली जातेय. मला याचा फार त्रास होतो.

सातारा, कऱ्हाड किंवा सांगली भागात कुणी शाळेकडून अशा गोष्टी लेखी ठरवून घेतल्या आहेत का? मदतनीस पालकांनीच आणायचा असा नियम आहे का? बाई खरंच चांगल्या आहेत, पट मोठा आहे; त्यांच्यावर तक्रार केल्यासारखं होऊ नये असा अर्ज कसा लिहावा? विशेष शाळेचा सल्ला कृपया नको, तो विचार आम्ही डॉक्टरांशी बोलून बाजूला ठेवलाय.

प्रतिसाद

ताई, मी सांगलीचा. माझी मुलगी ऑटिस्टिक आहे, आता सातवीत. तुम्ही वर लिहिलंय तोच निम्मा अर्ज आहे. "सहकार्य करावे ही विनंती" एवढ्यावर थांबलात तर कुणी काही करत नाही. घंटेच्या आधी त्याला सांगणे, ताटं मांडताना ग्रंथालयात किंवा ऑफिसात बसू देणे, फळ्याऐवजी कागद, हात धरून न ओढणे, असं एकेक मागा. यात शाळेला खर्च जवळजवळ नाही. बाईंनी केलेला उपाय त्यांचं श्रेय देऊन लिहा, म्हणजे त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. त्याचं कलम 16 अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांबद्दलच आहे: भेदभाव न करता शिकवणं आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणं. पालकांनी पगार देऊन माणूस आणला तरच मूल बसेल, अशी अट त्यात कुठेही नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. रोज अर्ध्या दिवशी घरी पाठवणं हा माझ्या मते त्यातूनच काढलेला आडमार्ग आहे.

अर्जाची एक प्रत पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात द्या. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून समावेशित शिक्षणाचे (म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्याच वर्गात शिकवण्याचे) विशेष शिक्षक असतात, त्यांना वर्गात येऊन पाहायला सांगा, आणि तेही खिचडीच्याच वेळी. सकाळी आले तर त्यांना शांत बसलेला मुलगा दिसेल आणि ते तसंच लिहून जातील. तिथे हललं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. शेवटी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहेच.

तोवर तोंडी सांगण्यावरून मुलाला लवकर नेऊ नका. न्यावंच लागलं तर "शाळेच्या सांगण्यावरून नेत आहे" असं लिहून वेळ टाका आणि सही मागा.

धागालेखिका

दादा, मनापासून आभार. आज रात्रीच अर्ज लिहायला घेते. ऑफिसातून पोच द्यायला टाळाटाळ झाली तर?

प्रतिसाद

वाद घालू नका. तोच अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. लिहून झाला की नावं काढून इथे टाका, पाठवण्याआधी एकदा बघतो.