प्रतिसाद: विजेरी आणि लाल कागद

पहिल्या आठवड्यानंतर मुलं वर्गातल्या गांडूळपेटीकडे (गांडुळांकडून सालींचं खत करून घ्यायची पेटी) ढुंकूनही बघत नाहीत, ही तक्रार खरीच आहे. पण पेटीत साली टाकून खताची वाट बघण्यापलीकडे आपण त्यांना काही करायलाच देत नाही. खत व्हायला काही महिने लागतात. तेवढा धीर मोठ्यांना तरी कुठे असतो! वर्गात सगळ्यात रंगतो तो उजेडाचा प्रयोग. गांडुळांना डोळे नसतात, पण कातडीत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. साधी विजेरी धरली की ती आत सरकतात, तिच्यावर लाल जिलेटीन कागद लावला तर फारशी दखल घेत नाहीत. आधी मुलांना अंदाज लिहायला लावायचा, मगच विजेरी लावायची. (कातडीनेच श्वास घेतात, म्हणून ओल्या कागदावर ठेवायची आणि लगेच परत सोडायची.) डार्विनने असलेच उद्योग केले होते. पियानो ऐकवला तर गांडुळं ढिम्म, पण त्यांच्या कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवल्यावर ती चटकन बिळात शिरली. म्हणजे आवाज नाही, कंप कळतो. हेही वर्गात बाकावर हलकं ठोकून बघता येतं.

पेटीच्या वासाची तक्रार बहुतेक वेळा ओलं अन्न जास्त झाल्याची असते. काही दिवस खाणं बंद आणि वर फाडलेल्या वर्तमानपत्राचा थर. गांडुळांचे कोष (ज्यात त्यांची अंडी असतात) मात्र मुलांना नक्की शोधायला लावा. लिंबाच्या आकाराचे, जेमतेम काही मिलिमीटरचे असतात आणि एकातून दोन-तीन पिल्लंही निघतात.