मदत हवी आहे : हॅमस्टरचा दात वाढलाय, मुंबईत कुणाला दाखवू?

नमस्कार मंडळी. आमचा सीरियन हॅमस्टर दीड वर्षाचा आहे. परवापासून सूर्यफुलाची बी दोन्ही पंजांत धरतो, तोंडाशी नेतो आणि तशीच खाली टाकतो. हनुवटी ओली असते. टॉर्च लावून पाहिलं तर खालचा एक दात वाकडा वाढून वरच्या ओठाला टोचतोय. यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड ठेवलंच होतं. घरी नेलकटर लावणार नाही, दात उभा चिरू शकतो. सध्या भिजवलेले ओट्स आणि किसलेली काकडी देतेय.

आम्ही मुलुंडला राहतो. जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात. परळच्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात कुणी हॅमस्टर नेलाय का? या उकाड्यात लोकलने न्यावं की टॅक्सी करावी? एवढासा जीव, उपाशी बघवत नाही. लवकर सांगा.